पडलेल्या शत्रूचा प्रश्न

स्वतःचें व आपल्या आश्रितांचें रक्षण करणें हा मनुष्याचा हक्कच नव्हे, तर तें त्याचें कर्तव्यहि आहे, याविषयीं नीतिशास्त्रज्ञांत फारसा मतभेद आढळत नाहीं. अहिंसेचे कट्टे पुरस्कर्तेहि या ठिकाणीं क्षणभर अडखळतात. आणि जे अडखळत नाहींत त्यांना जग साधु म्हणून वंदन करतें व रात्रीं आपल्या दाराला कडी घालून निजतें. इतक्या सुटलेल्या वाटणाऱ्या प्रश्नाकडे पुन्हा वळण्यास संगणकावरील एक खेळ निमित्त झाला, असें म्हटल्यास कित्येक गंभीर वाचकांच्या कपाळास आठी पडेल हें आम्ही जाणून आहों. परंतु खेळ क्षुद्र म्हणून खेळांत उद्भवणारा प्रश्नहि क्षुद्र, असा कांहीं नियम नाहीं. द्यूताच्या एका डावांत काय काय पणास लागूं शकतें हें महाभारताच्या वाचकांना निराळें सांगावयास नको.

ज्या जातीच्या खेळाविषयीं येथें लिहावयाचें आहे ती गेल्या वीस वर्षांत चांगलीच फोफावली आहे. पडद्यावर ओसाड भूमीचा एक तुकडा दिसतो. तेथें चार माणसें उतरवावयाचीं, त्यांच्याकडून शेत पिकवून घ्यावयाचें, घरें बांधवावयाचीं, आजाऱ्यांची शुश्रूषा करवावयाची, आणि मधून मधून चालून येणाऱ्या टोळ्यांपासून ही वस्ती राखावयाची, असें या खेळांचें सामान्य स्वरूप असतें. या जातीचा मूळपुरुष म्हणावा असा 'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा खेळ टार्न व झॅक ॲडम्स या अमेरिकन बंधूंनीं २००६ सालीं लोकांपुढें ठेवला. प्रस्तुत विवेचनासाठीं मात्र आम्ही त्याचा एक वंशज निवडतों: टायनन सिल्व्हेस्टर या कॅनडांतील रचनाकाराचा 'रिमवर्ल्ड'. कांहीं वर्षें अपुऱ्या स्वरूपांत लोकांच्या हातीं राहून १७ ऑक्टोबर २०१८ रोजीं तो पूर्णरूपानें प्रसिद्ध झाला. त्याच्या नेहमींच्या आरंभीं, फुटलेल्या अवकाशयानांतून सुटलेले तिघे जण एका दूरच्या व कायद्याचें राज्य नसलेल्या ग्रहावर येऊन पडतात. तिघांनाहि नांव असतें, बालपण असतें, प्रौढपणींचा पेशा असतो. एखादा कष्टाळू निघतो, एखादा वेदना सोसूं न शकणारा, तर एखाद्याला रागाच्या भरांत आग लावण्याचा नाद असतो. सिल्व्हेस्टर आपल्या कृतीला कौशल्याचा खेळ न म्हणतां कथा उत्पन्न करणारें यंत्र म्हणतो, व तें बरेंच खरें आहे.

कथा म्हटली कीं कथेकरी आला. खेळणाऱ्याला आरंभींच तिघांतून एक कथेकरी निवडावा लागतो. कॅसँड्रा क्लासिक संकटांची चढती भाजणी मांडते. फीबी चिलॅक्स दोन संकटांच्या मध्यें पुरेसा विसांवा ठेवते. रँडी रँडम कोणताच हिशेब पाळीत नाहीं. हे कथेकरी म्हणजे त्या ग्रहाचें दैवच होय. आमच्या जुन्या लेखकांनीं दैवाला आंधळें, बहिरें, लहरी अशीं विशेषणें दिलीं. परंतु कोणत्या स्वभावाचें दैव आपल्या वांट्याला यावें हें मनुष्यानें आगाऊ निवडावें, अशी सोय त्यांपैकीं कोणाच्याच मनांत आलेली दिसत नाहीं.

आतां मुद्द्याकडे येऊं. वस्तीवर टोळी येते ती कां येते? खेळाच्या पोटांतील गणित असें आहे: टोळी किती मोठी असावी व तिच्या हातीं काय असावें, हें ठरवितांना यंत्र प्रामुख्यानें वस्तीची संपत्ति मोजतें. कोठारांतील धान्य, चांदी, वस्त्रें व शस्त्रें यांची पूर्ण किंमत, इमारतींची निम्मी किंमत, आणि शिवाय माणसें. या सर्वांवरून एक आंकडा निघतो, आणि त्या आंकड्याच्या मोलाचे शत्रु, बाजारांतून विकत आणल्यासारखे, सीमेवर येऊन उभे राहतात. यांत आणखी एक दुरुस्ती आहे. वस्तींतील कोणी नुकताच मेला असेल तर पुढच्या टोळ्या कांहीं काळ लहान येतात; दीर्घकाळ कोणी दगावलें नाहीं तर त्या मोठ्या होत जातात. म्हणजे या ग्रहावर दुःखाला सूट मिळते व सुखावर कर बसतो.

प्लेटोनें 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागांत युद्धाच्या उगमाची जी मीमांसा केली आहे तिची येथें आठवण होते. सॉक्रेटिस प्रथम एक साधें नगर कल्पितो. जवागव्हाची भाकरी, पानांची शय्या, आणि देवांचीं स्तोत्रें. ग्लॉकॉनला तें डुकरांचें नगर वाटतें. त्याला पलंग, मेजें व पक्वान्नें हवीं असतात. तीं पुरवितां पुरवितां नगराला जणूं ताप चढतो, जमीन अपुरी पडते, शेजाऱ्याच्या जमिनीचा लचका तोडावासा वाटतो, शेजाऱ्यालाहि तोच मोह होतो, आणि युद्ध उभें राहतें. युद्ध आलें म्हणून मग रक्षकांचा वर्ग निर्माण करावा लागतो. या मीमांसेंतील मर्म असें कीं, लोभ प्रथम आपल्या घरांत शिरतो व शत्रु मागाहून दारांत येतो. खेळांत ही पहिली पायरी ऐच्छिक करून टाकली आहे. आपणहि काफिला घेऊन दुसऱ्यांच्या वस्तीवर चालून जाऊं शकतों, पण तसें न करतांहि आपलें सर्व कांहीं चालतें. आपण निर्लोभ राहून श्रीमंत होऊं शकतों. लोभ तेवढा दुसऱ्याचा उरतो. एवढ्या स्वच्छ हातांनीं युद्धांत उतरण्याचें भाग्य इतिहासांतील फार थोड्या वस्त्यांना लाभलें असेल.

तथापि यापेक्षांहि महत्त्वाचा एक उलटेपणा या गणितांत आहे. विराटपर्वांतील गोग्रहणाची कथा पाहा. मत्स्यदेशच्या गाई हांकून न्याव्या असा सल्ला त्रिगर्तांचा राजा सुशर्मा देतो तो केव्हां? कीचक मारला गेल्याची वार्ता आल्यावर. ज्याच्या बळावर विराटाचें राज्य निर्धास्त होतें तो पुरुष गेला, तेव्हां आतां लुटावयास हरकत नाहीं, हा त्यांतील हिशेब होता. खरा लुटारू नेहमीं असाच हिशेब करतो. तो जखमेवर येतो. खेळांतील शत्रु मात्र जखम दिसली कीं आंखडतो आणि बळ दिसलें कीं वाढतो. कारण तो लुटीसाठीं येतच नाहीं. तो कथेची रंगत राखण्यासाठीं येतो. त्याच्या मुखीं लुटारूची भाषा घातली आहे खरी, आणि तो अधून मधून पडलेल्या माणसाला खांद्यावर टाकून पळवूनहि नेतो. परंतु त्याला पाठविणारी शक्ति भूक नाहीं, वैर नाहीं, तर नाट्य आहे. बलवंताशींच झुंजणारा शत्रु ही कल्पना मोठी उदार आहे. पण जगांत असा शत्रु भेटेल या भरंवशावर कोणी आपली वस्ती वसवूं नये.

सराईत खेळणारे या गणिताचा पुरा फायदा घेतात. ते सोन्याच्या मूर्ति घडवीत नाहींत, मृतांच्या अंगावरचीं फाटकीं वस्त्रें सांठवून न ठेवतां जाळून टाकतात, आणि कोठारांत गरजेहून अधिक कांहीं सांचूं देत नाहींत. अपरिग्रहाचें इतकें रोकडें फळ कोणत्याहि धर्मग्रंथानें सांगितलें नसेल! ज्यांना हें दारिद्र्य नको त्यांच्यासाठीं संपत्तीऐवजीं लोटलेल्या काळावर संकटांचें मान ठरविण्याची तरतूदहि खेळांत आहे.

शत्रु येतो कां हें झालें. आतां त्याला थोपवावयाचें कसें? या खेळणाऱ्यांत 'किलबॉक्स' नांवाची एक रचना सर्वतोमुखी आहे. संपूर्ण वस्तीला भिंत घालावयाची, व एकाच ठिकाणीं मुद्दाम वाट मोकळी सोडावयाची. ती वाट नागमोडी, अरुंद, सापळ्यांनीं भरलेली. तिच्या शेवटीं एक उघडें अंगण. आणि अंगणाच्या पलीकडे वाळूच्या पोत्यांआड आपले नेमबाज व आपोआप चालणाऱ्या तोफा. भिंत फोडण्यापेक्षां मोकळी वाट बरी, असें शत्रूच्या यांत्रिक बुद्धीला वाटतें. म्हणून तो त्या वाटेनें एकामागून एक आंत येतो आणि अंगणांत मरतो. आमच्याकडील गडांचे गोमुखी दरवाजे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना ही कल्पना अगदींच परकी वाटूं नये. रायगडाच्या महादरवाजाशीं दोन प्रचंड बुरुजांच्या कवेंत शिरणारी वाट अशीच आहे. येणाऱ्याला दरवाजा दिसण्यापूर्वींच बुरुजावरच्या माणसांना तो दिसलेला असतो. शत्रूच्या अडचणीचा लाभ घेणें यांत अधर्म कांहीं नाहीं, व दुर्गरचना ही सर्व त्याच लाभाची विद्या होय.

परंतु साम्य येथेंच संपतें. गड लांबूनच दिसतो, आणि तो दिसावा हाच त्याचा अर्धा उपयोग असतो. गडाचें खरें यश न झालेल्या लढायांत मोजावयाचें असतें. किलबॉक्सला हें यश मिळूंच शकत नाहीं. टोळी गणितानें येते, धाकानें थांबत नाहीं. मागल्या टोळीचे सांगाडे वाटेंत पडलेले असले तरी पुढली टोळी त्याच वाटेनें शिरते. खेळाच्या कर्त्यानें यावर उपाय योजले आहेत. सुरुंग्ये भिंतीखालून नव्हे तर भिंतींतूनच वाट काढतात, कांहीं टोळ्या दूर तळ देऊन उखळी तोफांचा मारा करतात, कांहीं आकाशांतून थेट घरांच्या मधोमध उतरतात, आणि २०२१ पासून तर भिंती फोडीत येणाऱ्या टोळ्यांचीहि भर पडली आहे. तरी सामान्य शत्रूला स्मृति नाहीं ती नाहींच. आणि ज्याला स्मृति नाहीं त्याला धाक नाहीं. ज्याला धाक नाहीं त्याच्यापुढें संरक्षणाचा एकच प्रकार उरतो, तो म्हणजे वध. आमच्या मतें या खेळांतील नैतिक अडचणीचें मूळ रक्तांत नसून या विस्मृतींत आहे. साम, दान, भेद व दंड या चार उपायांपैकीं दंडाचेंहि जें सौम्य अंग, म्हणजे दरारा, तेंच येथें कापून टाकलें आहे.

यावर कोणी म्हणेल, हीं सर्व रंगाचीं चित्रें. तीं मेलीं काय नि राहिलीं काय, त्यांत नीतीचा संबंध कोठें आला? हा आक्षेप आम्ही अर्धा मान्य करतों. पडद्यावरील चांचा मेल्यानें कोणाचाहि अपराध घडत नाहीं, आणि असले खेळ खेळून तरुण मुलें मारेकरी बनतात अशी जी ओरड वेळोवेळीं होते तींत आम्हांस फारसें तथ्य दिसत नाहीं. बुद्धिबळ खेळून कोणी राजद्रोही झाल्याचें ऐकिवांत नाहीं. कांटनें नीतिशास्त्रावरील आपल्या व्याख्यानांत पशूंविषयीं असें प्रतिपादिलें आहे कीं, पशूंशीं क्रौर्यानें वागणारा माणूस माणसांशीं वागतांनाहि निष्ठुर बनत जातो, म्हणून त्या क्रौर्याचा निषेध करावा. हाच युक्तिवाद बाहुल्यांना लावणारे लोक आहेत. परंतु पशूला वेदना होतात व बाहुलीला होत नाहींत, हें खेळणाऱ्याला प्रत्येक क्षणीं ठाऊक असतें. तेव्हां हात कठोर होतील ही भीति आम्हांस पटत नाहीं. आम्हांस भीति वाटते ती निराळीच. खेळांत क्रौर्य शिकविलें जात नाहीं; हिशेब शिकविला जातो. आणि हिशेबाची सवय बाहुल्यांवरहि लागते, कारण हिशेब करणारें मन खरें असतें.

हें कसें होतें तें पाहावयाचें तर लढाई संपल्यानंतरचें अंगण पाहिलें पाहिजे. टोळींतील बरेच जण पडले कीं उरलेले पळ काढतात. मागें कांहीं प्रेतें राहतात व कांहीं जखमी. आतां खेळणाऱ्यापुढें उपाय अनेक: जखमीला तेथेंच रक्त वाहून मरूं द्यावें, एका गोळीनें संपवावें, उचलून बंदिखान्यांत न्यावें, जखमा बांधाव्या, अन्न द्यावें. बरा झाल्यावर त्याचें मन वळवून त्याला आपल्या वस्तींत घेतां येतें. सोडून देतां येतें, व तसें केल्यास कांहीं टोळ्यांशीं सख्य वाढतें. गुलाम म्हणून विकतां येतें. आणि त्याचें मूत्रपिंड किंवा हृदय काढून व्यापाऱ्यास विकणेंहि शक्य आहे. असें कांहीं केलें तर वस्तींतील माणसांना वाईट वाटतें. ज्याच्या स्वभावांत मूळचीच निर्दयता आहे तो तेवढा अपवाद. बाकी सर्वांच्या मनाचा तोल ढळूं लागतो, व तो फार ढळला तर ते कामें टाकून भटकूं लागतात किंवा एकमेकांवर हात टाकतात. येथवर कर्त्याची नीतिबुद्धि आम्हांस प्रशंसनीय वाटते. पापाचा परिणाम पाप करणाऱ्यांच्या मनावर होतो, हें त्यानें ओळखलें आहे. परंतु पुढची गोष्ट अशी कीं, मनाचा तोल ही एकच रक्कम आहे. बंद्याचें हृदय काढल्यानें तींतून जेवढें वजा होतें तेवढें सुग्रास जेवण, मऊ बिछाना व सुंदर भोजनगृह यांनीं पुन्हा जमा होतें. पश्चात्तापाचें आणि पक्वान्नाचें नाणें एकच! चतुर कारभारी प्रथम पक्वान्नाची तजवीज करतो व मग शस्त्रक्रिया करतो. खेळाच्या या एका कलमांत किती राज्यांचा कारभार आटोपशीरपणें सांठविला आहे याचा विचार वाचकांनींच करावा.

याहूनहि विलक्षण एक नियम आहे, आणि तो पुष्कळ खेळणाऱ्यांच्या लक्षांतहि येत नाहीं. शत्रुपक्षाचा माणूस वेदनेनें कोसळला कीं तो जखमी म्हणून उरेल कीं त्याच क्षणीं मरेल, हें केवळ त्याच्या जखमांवर अवलंबून नसतें. यंत्र त्या ठिकाणीं नशिबाचा फांसा टाकतें, आणि फांशाचें मान कथेकऱ्याला वस्तींत आणखी किती माणसें हवीं आहेत यावरून ठरतें. लोकसंख्या पुरेशी झाली असेल तर कोसळणाऱ्यांपैकीं अधिक लोक जागच्या जागीं मरतात. प्रत्येक लढाईनंतर बंदिखाना भरून कथा रेंगाळूं नये, हें त्याचें व्यावहारिक कारण. आणि तें समजण्यासारखें आहे. पण परिणाम काय झाला? पडलेल्या शत्रूचें काय करावें, हा युद्धनीतींतील सर्वांत कठीण प्रश्न पुष्कळ वेळां खेळणाऱ्यापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच सोडविला जातो. दया करण्याचा प्रसंगच दैव परस्पर उचलून नेतें.

मनुष्यजातीला हा प्रश्न नीट विचारावयास किती काळ लागला हें आठवलें म्हणजे या परस्पर उचलण्याचें महत्त्व कळतें. १८५९ सालीं सोल्फेरिनोच्या रणांगणावर हजारों जखमी टाकून दिलेले पाहून आंरी द्युनां या जिनीव्हाच्या गृहस्थानें त्यांच्या शुश्रूषेची खटपट केली; १८६२ मध्यें त्यानें त्यावर पुस्तक लिहिलें, आणि १८६४ सालच्या जिनीव्हा करारानें जखमी सैनिक, मग तो कोणत्याहि पक्षाचा असो, उचलून त्याला औषधपाणी करावें हा नियम राष्ट्रांनीं मान्य केला. आमच्या महाभारतांत या प्रश्नाचीं दोन्ही टोकें आहेत. उत्तर गोग्रहणांत अर्जुनानें संमोहनास्त्रानें कौरववीरांना निश्चेष्ट केलें, व त्या अवस्थेंत त्यांचे प्राण न घेतां उत्तराकडून केवळ त्यांचीं वस्त्रें काढून घेवविलीं. तींहि उत्तरेनें आपल्या बाहुल्यांसाठीं मागितलीं होतीं म्हणून. आणि सौप्तिकपर्वांत अश्वत्थामा निजलेल्यांवर शस्त्र चालवितो. पहिल्या प्रसंगीं शत्रु आक्रमक होता, दुसऱ्या प्रसंगीं तो छावणींत विसांवला होता. परंतु व्यासांनीं दोहोंना एकाच कसोटीला लावलें आहे: ज्याला आतां हात उचलतां येत नाहीं त्याच्याशीं तुम्ही कसे वागलांत?

खेळाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहींतर त्याच्यावर अन्याय होईल. येणाऱ्या टोळींतील माणसेंहि नांवानिशीं येतात. यंत्र मधून मधून नातीं जुळवितें. आणि मग हल्ल्याच्या वर्दींतच लिहिलेलें असतें कीं, अमुक चांचा हा आपल्या वैद्याचा भाऊ आहे, अमुक स्त्री आपल्या शेतकऱ्याची पत्नी आहे. ती अंगणांत मेली तर शेतकरी शोक करतो, मग तिला मारणारी गोळी त्याच्याच बंदुकीची कां असेना. वस्तींत असेहि कांहीं जण निघतात कीं ज्यांच्या पूर्वायुष्यामुळें त्यांच्या हातून कोणतीच हिंसा होऊं शकत नाहीं. त्यांच्या हातीं बंदूक देतांच येत नाहीं. नवशिक्याला अशा माणसांचा राग येतो. दहा माणसांत दोन तोंडें अशीं कीं खायला पुढें आणि लढायला मागें!

आमच्या ओळखीच्या एका कॉलेजांतील मुलाचा असाच एक डाव आम्ही पाहात बसलों होतों. हिंवाळा होता. टोळी परतवली होती, व वस्तींतील चौघे बिछान्यावर होते. अंगणाबाहेर बर्फांत एक म्हातारा लुटारू पडला होता. दोन्ही पाय गोळ्यांनीं निकामी, वय साठाच्या पुढें, अंगीं कोणतेंच उपयोगी कौशल्य नाहीं. औषधांची सहा पुडकीं शिल्लक होतीं. मुलानें त्याच्याकडे पाहिलें, त्याचें टिपण वाचलें, आणि "याचा उपयोग नाहीं" म्हणून पुढें गेला. त्याचा तर्क निर्दोष होता. त्या म्हाताऱ्याला वांचविण्यानें वस्तीला कांहींच मिळणार नव्हतें. थोड्या वेळानें तो आपण होऊनच परत आला, आणि वस्तींतल्या ज्या बाईला हिंसा वर्ज्य होती तिला त्यानें बर्फांत धाडलें. तिनें म्हाताऱ्याला उचलून आणलें. कां, म्हणून आम्ही विचारलें तेव्हां तो थोडा ओशाळला. "ती रिकामीच होती," म्हणाला. हें उत्तर हिशेबाचें आहे, आणि कृत्य हिशेबाचें नाहीं. मुलगा आपल्या दयेला हिशेबाचा बुरखा घालून वावरत होता. कारण त्या जगांत बोलावयास दुसरी भाषाच नव्हती. ज्या समाजांत माणसें दयेबद्दल असें ओशाळून कारण सांगूं लागतात त्या समाजाची आम्हांस चिंता वाटते. आणि तो समाज केवळ पडद्यावरच आहे असें म्हणवत नाहीं.

या हिशेबी जगाला आणखी एक आधार लागतो, तो कायमच्या वैऱ्याचा. या ग्रहावरील कांहीं टोळ्यांशीं देणग्या देऊन, बंदी सोडून मैत्री जोडतां येते. परंतु चांच्यांशीं कधींच नाहीं. त्यांचें वैर नियमानेंच अक्षय आहे. प्लेटोच्या नगराचे रक्षक जातिवंत कुत्र्यासारखे असावे असें सॉक्रेटिस म्हणतो: ओळखीच्याशीं सौम्य, अनोळख्यावर उग्र. त्या कुत्र्याला तो थट्टेनें तत्त्वज्ञ ठरवितो, कारण तो ज्ञानावरून आपला व परका ओळखतो. थट्टा बाजूस ठेवली तर या उपमेंतला दोष उघड आहे. कुत्र्याला जो ठाऊक नाहीं तो शत्रु. पण ठाऊक करून घेण्याची जबाबदारी कुत्र्यावर नसते, ती माणसावर असते. जेथें वैर अक्षय आहे असें आधींच लिहून ठेवलें आहे तेथें ही जबाबदारी उतरली, व रक्षक निव्वळ कुत्रा उरला.

आणि नेमक्या या ठिकाणीं खेळाच्या कर्त्यानें एक प्रसंग असा योजला आहे कीं जो वरील सर्व रचनेला भेदून जातो. एके दिवशीं कोणी अनोळखी माणूस दुरून निरोप पाठवितो: माझ्या पाठीवर टोळी आहे, मला आश्रय द्या. त्याचें नांव, वय व पेशा कळतो. होकार दिला तर तो वस्तीचा होतो, आणि टोळीहि त्याच्यामागून आपल्या दाराशीं येते. नकार दिला तर वस्तीला कांहींच होत नाहीं. तो माणूस त्या पत्रापलीकडे पुन्हा दिसत नाहीं. येथें शत्रूला संपत्तीनें बोलावलेलें नसतें. खेळणाऱ्याच्या एका शब्दानें तो बोलावला जातो. शिबि राजाच्या मांडीवर कपोत येऊन बसला तेव्हां ससाण्यानें आपला न्याय्य हक्क मांडला होता, आणि राजाला उत्तर शोधावें लागलें होतें. येथें ससाण्याचें म्हणणें ऐकण्याची सोय नाहीं, आणि कपोताचा पेशा मात्र कळतो. तो वैद्य असला तर होकार लवकर जातो, हें आम्ही पाहिलें आहे. तरीहि पेशा न वाचतां होकार देणारे खेळणारे आहेत. त्यांनीं होकार दिला कीं सीमेवर एक माणूस दिसूं लागतो. सबंध वस्तीला भिंत असते व आंत येण्यास वाट एकच. म्हणून ज्या नागमोडी वाटेवर आजवर केवळ मारण्यासाठीं नजर ठेवली, त्याच वाटेनें तो धांवत येतो. पोत्यांआडचे नेमबाज बंदुका रोखून असतात. त्यांतल्या कोणीहि त्याचें तोंड पूर्वीं पाहिलेलें नसतें. तो अंगण ओलांडून त्यांच्यामागें जाऊन उभा राहतो, आणि वाटेच्या दुसऱ्या टोंकाला टोळी दिसूं लागते.